गालावरचा हात

लेक इथल्या हायस्कुलात अकरावीला आहे. मागच्या महिन्यात तिच्या इतिहासाच्या बाईंनी एक गंमतशीर गृहपाठ दिला. एक कृष्णधवल फोटो. खाली ओळ नाही, साल नाही, गाव नाही, नाव नाही. फक्त बघायचं आणि तीन गोष्टी लिहायच्या. काय दिसतं, काय वाटतं आणि काय विचारावंसं वाटतं. रात्री जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि आम्हा सगळ्यांनाच कामाला लावलं. आई सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे फ्रीमाँटला आली आहे, त्यामुळे घरात तीन पिढ्या होत्या.

फोटोत एक बाई. कपाळावर आठ्या, नजर कुठेतरी लांब, एक हात गालाशी टेकवलेला. मांडीत तान्हं मूल झोपलेलं. दोन्ही खांद्यांवर दोन मोठी मुलं रेललेली, त्यांची तोंडं मागे फिरवलेली. कपडे फाटके, मळके. बस, एवढंच.

आईने चष्मा लावला आणि लगेच निकाल दिला. या बाईच्या घरात कुणीतरी गेलंय, नाहीतर बाहेर गेलेलं माणूस परत आलेलं नाही. कशावरून, तर गालावरच्या हातावरून. आम्ही लहानपणी असे गालाला हात लावून बसलो की आई पाठीत धपाटा घालायची. घरात काय अशुभ झालंय का, असं विचारायची. तिच्या दृष्टीने तो हात म्हणजे पुरावाच. मग तिला ७२ चा दुष्काळ आठवला. आमचं गाव माण तालुक्यातलं. तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती, खडी फोडायला जायची. कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरची लाल मिलो ज्वारी, आणि ती अमेरिकेहून आली आहे असं मोठी माणसं सांगायची, हे सगळं तिने नातीला सांगितलं. खडीच्या ढिगाशेजारी पोरं घेऊन बसलेल्या बाया अश्शाच दिसायच्या, म्हणाली.

लेकीला ती बाई देशाच्या सीमेवर अडकलेली निर्वासित वाटली. रोज बातम्यांत तेच दिसतं ना. मला वाटलं विधवा. बायको म्हणाली, तुम्ही सगळे बाईकडेच बघताय, मुलं बघा, त्यांना थंडी वाजतेय. फोटो एक, बघणारी चार, गोष्टी चार. आणि प्रत्येकाला आपली गोष्ट फोटोतच दिसत होती. आपण ती बाहेरून आत घातली आहे असं कुणालाच वाटलं नाही.

लेकीचा गृहपाठ झाला, पण माझ्या डोक्यातून काही तो फोटो जाईना. शनिवारी लायब्ररीत जाऊन फोटो काढणाऱ्या बाईवरची पुस्तकं आणली. त्या बाईचं नाव डोरोथिया लँग. फोटोचं नाव ‘मायग्रंट मदर’, म्हणजे पोटासाठी गाव सोडून भटकणारी आई. आपणही एका अर्थाने गाव सोडून आलेलेच. म्हणून म्हटलं, तिची गोष्ट इथल्या आणि तिकडच्या मंडळींना सांगावी.

डोरोथियाचा जन्म २६ मे १८९५ चा, न्यू जर्सीतल्या होबोकेन गावचा. न्यूयॉर्कच्या समोर, हडसन नदीच्या अलीकडच्या काठावर. आजकाल तिथे आणि शेजारच्या जर्सी सिटीत आपली माणसं भरपूर आहेत. तेव्हा तिथे जर्मन लोकांची मोठी वस्ती होती. तिचं घराणंही जर्मनीतून आलेलं. माहेरचं पूर्ण नाव डोरोथिया मार्गारेटा नुट्झहॉर्न.

सातव्या वर्षी तिला पोलिओ झाला. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू राहिला. ती जन्मभर लंगडत चालली. बाराव्या वर्षी वडील घर सोडून गेले. त्यांच्याबद्दल ती पुढे सहसा कुणाशी बोलली नाही. मोठी झाल्यावर तिने त्यांचं आडनावही टाकलं आणि आईचं माहेरचं आडनाव घेतलं, लँग.

आईला न्यूयॉर्कमधल्या एका लायब्ररीत नोकरी मिळाली. वस्ती गरिबांची, परदेशातून नुकत्याच आलेल्या ज्यू कुटुंबांची. आई रोज तिला बरोबर न्यायची. शाळा तिथेच. शाळा सुटली की पोर लायब्ररीत बसून खिडकीतून समोरच्या चाळींमधला संसार बघायची. परत जाताना बावरी नावाच्या रस्त्याने जावं लागायचं. तिथे दारुडे फुटपाथवर पडलेले असत. लंगडणारी लहान मुलगी एकटी त्यातून जायची. आपल्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही असा चेहरा कसा ठेवायचा, हे ती तिथे शिकली. पुढे आयुष्यभर हीच विद्या कामाला आली. अनोळखी माणसांत शिरायचं, पण त्यांना बुजवायचं नाही. तिच्या लंगडण्याचाही उपयोग झाला असं ती मानायची. धडधाकट, रुबाबदार माणूस कॅमेरा घेऊन आला की लोक आखडतात. पाय ओढत आलेल्या बाईला बसायला सांगतात.

शाळा संपल्यावर तिने जाहीर केलं की मी फोटोग्राफर होणार. गंमत म्हणजे तोवर तिच्याकडे कॅमेराच नव्हता! आईच्या आग्रहाखातर शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम धरला, पण मन रमलं नाही. आर्नोल्ड गेंथी या त्या काळच्या नामांकित फोटोग्राफरच्या स्टुडिओत ती कामाला लागली. पहिला कॅमेरा तिला त्यानेच दिला. मग कोलंबिया विद्यापीठात क्लॅरेन्स व्हाइट यांच्या हाताखाली ती शिकली.

१९१८ साली, वय तेवीस, मैत्रिणीला घेऊन ती जगप्रवासाला निघाली. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पोचल्या आणि पाकीटमाराने पैसे लांबवले. झाला जगप्रवास! दुसऱ्याच दिवशी तिने फोटो धुवून देणाऱ्या एका दुकानाच्या काउंटरवर नोकरी धरली. वर्षाभरात तिचा स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला. शहरातली श्रीमंत घराणी तिच्याकडे फोटो काढून घ्यायला येऊ लागली. १९२० मध्ये तिने मेनार्ड डिक्सन या चित्रकाराशी लग्न केलं. तो तिच्याहून वीस वर्षांनी मोठा. दोन मुलगे झाले, डॅनियल आणि जॉन.

मग १९२९ चा शेअर बाजार कोसळला. महामंदी आली. श्रीमंतांनी फोटो काढणं कमी केलं, चित्रं विकत घेणारं कुणी उरलं नाही. घरखर्च झेपेना, तेव्हा नवरा-बायको आपापल्या स्टुडिओत राहू लागले आणि मुलांना पैसे देऊन दुसऱ्यांच्या घरी ठेवलं. थोरला तेव्हा जेमतेम सात वर्षांचा होता. पुढेही कामासाठी ती महिनोन् महिने बाहेर असायची आणि मुलं अशीच लोकांकडे राहायची. मुलांनी हे लवकर विसरलं नाही. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध आईचा फोटो जिने काढला, तिची स्वतःची मुलं त्या काळात तिच्याजवळ नव्हती. हे मी तिला नावं ठेवायला लिहीत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांनी तान्ही मुलं आजी-आजोबांकडे ठेवून इथे संसार उभे केलेत. हा सल काय असतो ते वेगळं सांगायला नको.

स्टुडिओच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून तिला खाली रस्त्यावर बेकार माणसं फिरताना दिसायची. १९३३ मध्ये एक दिवस कॅमेरा घेऊन ती खाली उतरली. जवळच ‘व्हाइट एंजल’ या नावाने ओळखली जाणारी एक श्रीमंत बाई बेकारांसाठी अन्नछत्र चालवत होती. तिथल्या रांगेचा तिने फोटो घेतला. सगळे पाठमोरे, फक्त एक म्हातारा अलीकडे तोंड करून कठड्यावर वाकलेला. मळकी टोपी डोळ्यांवर ओढलेली, हातांची बोटं एकमेकांत अडकवलेली, पुढ्यात पत्र्याचं मग. तो रडतोय, प्रार्थना करतोय, विचार करतोय की नुसता कंटाळलाय? आजवर कुणालाच कळलेलं नाही. त्याचं नावही कुठे नाही. तरी तो फोटो मंदीचं चित्र म्हणून अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. बघणाऱ्याने त्या टोपीखाली आपल्याला हवं ते भरावं.

हे फोटो बघून बर्कली विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक पॉल टेलर तिच्याकडे आले. शेतमजुरांच्या हालांचा ते अभ्यास करत होते. १९३५ पासून दोघं मिळून कॅलिफोर्नियातल्या शेतांवर हिंडू लागले. त्याच वर्षाच्या शेवटी, आपापले आधीचे संसार सोडून, दोघांनी लग्नही केलं. टेलरांनी तिला एक फार मोठी सवय लावली. फोटो काढायचाच, पण माणसाशी बोलायचंही. कुठून आलात, शेत किती होतं, मजुरी काय मिळते, आज काय खाल्लंत. मग मोटारीत परत येऊन ऐकलेले शब्द जसेच्या तसे वहीत उतरवायचे. डोरोथियाच्या फोटोंखालच्या ओळी म्हणूनच इतरांपेक्षा लांब आणि नेमक्या असतात. गाव, महिना, मजुरीचा दर, सगळं त्यात सापडतं. नुसता फोटो अर्धवट असतो, शब्दांनी तो बळकट होतो, असं तिचं पक्कं मत झालं.

आणि तरीही तिचा सगळ्यात गाजलेला फोटो नेमका तो, जिथे तिने फार विचारलं नाही.

मार्च १९३६. ती तेव्हा सरकारी नोकरीत होती. शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी नेमलेल्या खात्यात फोटोग्राफर. महिनाभर एकटीच हिंडून, दमून, पावसातून मोटार हाकत ती घरी परतत होती. निपोमो गावाजवळ रस्त्याकडेला वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी दिसली. थांबायचं नाही असं ठरवून ती पुढे गेली. वीस मैल गेल्यावर राहवेना. गाडी वळवली आणि परत आली. थंडीने वाटाण्याचं पीक गेलं होतं. काम नाही, मजुरी नाही आणि छावणीत शेकडो माणसं अडकलेली. एका फाटक्या राहुटीत ती बाई मुलांना घेऊन बसली होती. डोरोथिया तिच्याकडे सरळ चालत गेली. एकेक पाऊल जवळ जात मोजकेच फोटो काढले. सगळं मिळून दहाएक मिनिटं. वय विचारलं, बत्तीस. मुलं सात, हे टिपलं. नाव विचारलं नाही.

फोटो तिने लगेच सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राला दाखवले. दोनच दिवसांत बातमी छापली गेली आणि सरकारने छावणीकडे वीस हजार पौंड, म्हणजे नऊ टनांच्या आसपास, धान्य धाडलं. छावणीतल्या लोकांचे जीव त्याने वाचले. पण ती बाई आणि तिची मुलं तोवर तिथून पुढे निघून गेली होती. त्यांना त्यातला दाणाही मिळाला नाही.

तो फोटो मात्र जगभर गेला. तो सरकारी पैशातून काढलेला, त्यामुळे कुणाच्याच मालकीचा नाही. कुणीही छापावा, फुकट. लोकांनी त्यात काय काय पाहिलं! बऱ्याच जणांनी त्यात मेरी आणि बाळ येशू पाहिले. बहुतेकांनी धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमातून हाकललेली गोरी शेतकरीण पाहिली. आमच्या आईने ७२ सालचं माण पाहिलं. १९३९ मध्ये खुद्द डोरोथियानेही त्यात थोडा हात घातला. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात राहुटीच्या खांबाला धरलेला एक अंगठा दिसत होता. तिला तो खटकायचा, म्हणून तिने मूळ निगेटिव्हमधून तो पुसायला लावला. तिच्या वरिष्ठांना, रॉय स्ट्रायकर यांना, हे अजिबात आवडलं नाही. सरकारी कागद म्हणून काढलेल्या फोटोत खाडाखोड कशी करायची?

बाईचं नाव जगाला कळलं ते १९७८ मध्ये. डोरोथिया जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. मोडेस्टो गावात एका ट्रेलरच्या घरात राहणाऱ्या वृद्ध बाईंनी सांगितलं की ती मी. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. आणि एकेक करून फोटोतली गोष्ट उलटायला लागली. बाई गोरी शेतकरीण नव्हती, मूळची चेरोकी आदिवासी होती. धुळीच्या वादळाने हाकललेली तर मुळीच नव्हती, त्याच्या कितीतरी आधीपासून कॅलिफोर्नियात मजुरी करत होती. छावणीत राहणारीही नव्हती. वाटेत गाडी बिघडली म्हणून तिथे थांबली होती. घरातला पुरुष आणि मोठे मुलगे दुरुस्तीसाठी गावात गेले होते. डोरोथियाच्या आठवणीत या कुटुंबाने अन्नासाठी गाडीचे टायर विकले होते. कुटुंबाचं म्हणणं, टायर विकले असते तर पुढे गेलो कशावर? कदाचित थकलेल्या डोरोथियाने दोन कुटुंबांची टिपणं एकत्र केली असतील.

हे वाचून मी आईला जाऊन सांगितलं की तुझा अंदाज निम्मा बरोबर होता. तिचा पहिला नवरा १९३१ मध्येच गेला होता आणि त्या क्षणी बरोबरची माणसं बाहेर गेलेली होती, परतायची होती. म्हणजे वाट बघणं खरं होतं. आईने मान डोलावली, जणू तिला हे आधीच माहीत होतं. पण लगेच मी विचारात पडलो. अंदाज बरोबर निघाला म्हणजे आईने फोटो बरोबर वाचला का? की चार जणांनी चार दगड मारले, त्यातला एक लागला?

फ्लॉरेन्सबाईंची तक्रार साधी होती. माझं नाव विचारलं नाही. फोटो छापणार नाही असं मला सांगितलं होतं. मला यातून एक पैसा मिळाला नाही. वर सगळं जग मला बिचारी समजतं. हे शेवटचं मला फार लागलं. ती बाई दिवसा शेतात राबत होती, रात्री मिळेल ते काम करत होती, मुलांना घेऊन संपात उतरत होती. तिने सगळी मुलं वाढवली. आणि जगाने मात्र तिला एका थंड दुपारच्या दहा मिनिटांत कायमचं बसवून ठेवलं, गालाला हात लावून. पुढे १९८३ मध्ये बाई आजारी पडल्या, तेव्हा मुलांनी मदतीचं आवाहन केलं. लोकांनी सुमारे ३५ हजार डॉलर पाठवले आणि सोबत ढीगभर पत्रं. आपल्या आईचा चेहरा अनोळखी लोकांना किती आधार देत आला आहे, हे मुलांना त्या पत्रांतून कळलं आणि फोटोवरचा त्यांचा राग बराच निवळला. त्याच सप्टेंबरात बाई गेल्या.

फोटोतून संदर्भ काढून टाकला की काय होतं, याचा चटका डोरोथियालाही बसला होता. १९३६ च्याच उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात तिने एक फोटो काढला. गावातलं दुकान. समोर मोटारीवर पाय ठेवून उभा असलेला, पोट सुटलेला गोरा मुकादम. मागे दुकानाच्या पायऱ्यांवर त्याच्या मळ्यावर राबणारी काही काळी माणसं. कोण मालक आणि कोण मजूर, हे न सांगता कळावं असा फोटो. दोन वर्षांनी आर्चिबाल्ड मॅक्लिश या कवीने अमेरिकेवरच्या आपल्या पुस्तकात तो वापरला. पण मागची माणसं कापून टाकून. उरला एकटा गोरा गडी, आणि तो पुस्तकात स्वतंत्र, निर्भय अमेरिकन म्हणून झळकला! एकही रेघ खोटी काढली नाही, फक्त कात्री चालवली. व्हॉट्सअपवर आपण रोज जे फॉरवर्ड करतो, त्यातलं किती असं कापलेलं असतं देव जाणे.

बहुधा म्हणूनच १९३९ मध्ये तिने आणि टेलरांनी मिळून जे पुस्तक केलं, ‘अ‍ॅन अमेरिकन एक्झोडस’, त्यात फोटोंबरोबर त्या त्या माणसांच्या तोंडचे शब्द छापले. लेखकाने लोकांच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, असा त्यांचा कटाक्ष होता. पण त्याच वर्षी स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी आली आणि तिच्या गाजावाजात हे पुस्तक मागे पडलं.

आता तिच्या आयुष्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते काम. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या एक लाखाहून जास्त माणसांना घरदार, दुकानं, शेतं सोडून छावण्यांत नेण्यात आलं. त्यातले जवळपास दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले नागरिक होते. सरकारने या स्थलांतराचे फोटो काढायला डोरोथियाला नेमलं. सरकारला नोंद हवी होती की सगळं कसं शिस्तीत, माणुसकीने चाललं आहे. तिला हे धोरणच मान्य नव्हतं. तरी तिने काम घेतलं आणि आठशेच्या वर फोटो काढले.

काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे, बंदूकधारी शिपाई यांचे फोटो काढायला तिला मनाई होती. मग ती काय दाखवणार? तिने माणसं दाखवली. चांगले कपडे घालून, केस विंचरून, सामानाजवळ बसची वाट बघणारी कुटुंबं. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेत छातीवर हात ठेवून अमेरिकेच्या झेंड्याशी इमान राखण्याची शपथ घेणाऱ्या चिमुरड्या मुली. आमच्या शेजारच्या ओकलंडमधलं एक किराणा दुकान, ज्याच्या मालकाने पर्ल हार्बरच्या दुसऱ्याच दिवशी आपण अमेरिकन आहोत असा भलामोठा फलक दुकानावर लावला होता. तो मालक कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पदवीधर होता. फलकाने काही फरक पडला नाही, त्यालाही जावं लागलं.

हे फोटो ओळीशिवाय बघा. एखादी सहल निघाली आहे असं वाटेल. मुलं नटलेली, आजोबा कोट-टोपीत. मग लक्ष जातं प्रत्येकाच्या कोटाला अडकवलेल्या चिठ्ठीकडे. सामानाला लावतात तशी, कुटुंबाचा नंबर घातलेली चिठ्ठी. आणि खालची ओळ वाचली की पोटात गोळा येतो. इथे ओळ नसेल तर फोटो सरकारच्या बाजूने बोलतो, ओळ असेल तर विरुद्ध. लष्कराला हे कळलं असावं. युद्ध संपेपर्यंत ते फोटो दडपून ठेवले गेले, काहींवर जप्तीचा शिक्काही आहे. नंतर ते गाजावाजा न करता राष्ट्रीय दप्तरखान्यात गेले. त्यांचं मोठं पुस्तक निघालं ते थेट २००६ साली. अमेरिकी सरकारने या प्रकाराबद्दल १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले.

परक्या देशात, नागरिकत्व असूनही, तुमच्या चेहऱ्यावरून तुमची गोष्ट कुणीतरी परस्पर ठरवून टाकतं. न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबरनंतर इथल्या शीख बांधवांना याचा अनुभव आला. आपल्यातल्याही अनेकांनी तेव्हा गाडीला छोटे अमेरिकन झेंडे लावले होते. मीही लावला होता. ओकलंडच्या त्या दुकानाचा फोटो बघताना मला तो झेंडा आठवला.

युद्धानंतर डोरोथियाची तब्येत ढासळली. पोटाच्या आणि अन्ननलिकेच्या दुखण्याने कित्येक वर्षं तिला काम करता आलं नाही. १९५२ मध्ये काही मित्रांबरोबर तिने ‘अ‍ॅपर्चर’ हे फोटोग्राफीचं नियतकालिक सुरू केलं, ते आजही चालू आहे. शेवटी अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तिच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन ठरलं होतं. शेवटचे काही महिने ती एकेक फोटो निवडत, मांडणी ठरवत होती. ११ ऑक्टोबर १९६५ रोजी ती गेली, वय सत्तर. प्रदर्शन तीन महिन्यांनी, जानेवारी १९६६ मध्ये उघडलं. तिचा फोटोंचा, निगेटिव्हचा आणि टिपणांचा मोठा ठेवा टेलरांनी ओकलंडच्या संग्रहालयाला दिला. आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर. न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयाने २०२० मध्ये तिचं पुन्हा एक प्रदर्शन भरवलं, या वेळी विषयच होता तिचे फोटो आणि त्यांच्या सोबतचे शब्द.

मी तिच्यावर रागवावं की तिचे आभार मानावेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नाव न विचारता काढलेल्या त्या फोटोमुळे छावणीतल्या माणसांना अन्न मिळालं, हे खरं. फ्लॉरेन्सबाईंचा आयुष्यभर कोंडमारा झाला, हेही खरं. आजारपणात त्याच फोटोने त्यांना मदत मिळवून दिली, हेसुद्धा खरं. चांगल्या हेतूने केलेली दहा मिनिटांची घाई दुसऱ्याला चाळीस-पन्नास वर्षं पुरते, एवढं मात्र मी शिकलो.

लेकीने गृहपाठात आमचे चारही अंदाज लिहिले आणि शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न लिहिला, या बाईंचं नाव काय? मला वाटतं तिने आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला फोटो बघितला.

त्या रात्री आईने बॅगेतून एक जुना फोटो काढला. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा. आजीचा तेवढा एकच फोटो आहे. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले. आजी फार कडक होती, असं मी आयुष्यभर त्या फोटोवरून समजत आलो आणि लेकीलाही तेच सांगितलं होतं. आई हसायला लागली. अरे, म्हसवडच्या जत्रेत काढलाय तो, म्हणाली. ऊन थेट डोळ्यांवर होतं आणि फोटोवाल्याने दम दिला होता की हललात तर फुकट जाईल. त्याच्या आधी मिनिटभर आम्ही मायलेकी भेळ खाऊन खिदळत होतो!

दुसऱ्या दिवशी मी पेन्सिल आणून दिली. आता रोज दुपारी आई अल्बम घेऊन बसते आणि एकेका फोटोच्या मागे बारीक अक्षरात लिहिते. कोण, कुठे, कधी, आणि तेव्हा काय चाललं होतं. परतीचं तिकीट नोव्हेंबरचं आहे. तोवर दोन अल्बम व्हावेत.

मंडळी, भारतात जाल तेव्हा कपाटातले जुने फोटो बाहेर काढा. मागे लिहायला सांगू शकणारी माणसं अजून आहेत, तोवर विचारून घ्या.